भाड्यासाठी पहिलं घर घेण्याआधी एक पावसाळा काढा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही फोंड्याचे, वय एकोणतीस. आठ महिन्यांपूर्वी गोवा रेराकडे, म्हणजे घरबांधणी प्रकल्प आणि एजंटांवर देखरेख ठेवणाऱ्या प्राधिकरणाकडे, एजंट म्हणून नोंदणी केलीत आणि सध्या पणजी-पर्वरी भागात काम करता. बायको हायस्कुलात शिक्षिका आहे. दोघांची मिळून आठ लाखांची बचत आहे आणि त्यातून भाड्याने द्यायला पहिलं घर घ्यायचं आहे. कुणीतरी कळंगुटला पर्यटकांना देण्यासाठी एक स्टुडिओ फ्लॅट दाखवलाय. तो घ्यावा का, आणि आपण एजंट आहोत याचा आपल्याला फायदा काय, असं तुम्ही विचारलंय.

बावीस वर्षं मी हेच काम करते, तेव्हा स्टुडिओचं उत्तर आधी देऊन टाकते: आत्ता नको. कारणं पुढे येतील. एजंट असल्याचा फायदा मात्र आहे, आणि मोठा आहे. फक्त तो स्वस्तात घर मिळण्याचा नाही. दुसऱ्याच्या घरावर शिकायला मिळतं आणि त्या शिकण्याचे वर पैसे मिळतात, हा खरा फायदा. माझा सल्ला त्यावरच उभा आहे. पहिलं घर विकत घेण्याआधी निदान दोन-तीन मालकांची भाड्याची घरं एक पूर्ण वर्ष सांभाळा. त्या वर्षात जून ते सप्टेंबर आलेच पाहिजेत.

असे मालक गोव्यात शोधावे लागत नाहीत. आखातात, इंग्लंडमध्ये, पोर्तुगालमध्ये असलेले आपले लोक, शिवाय मुंबई-पुण्याचे मालक, सगळ्यांना एकच हवं असतं: चावी विश्वासाच्या माणसाकडे असावी. भाडेकरू बसवून दिला की एका महिन्याचं भाडं दलाली म्हणून घ्यायचं आणि निघून जायचं, अशी आपल्याकडे सवय आहे. तुम्ही तिथे थांबू नका. दरमहा ठरावीक रक्कम घेऊन घर सांभाळायची जबाबदारी घ्या. भाडं वेळेवर जमा झालं का ते बघणं, वीज खात्याचं बिल, पाण्याचं बिल, घरपट्टी, सोसायटीचं मेंटेनन्स, प्लंबर, रंगारी, सगळं त्यात येतं. वर्षभराने तुमच्याकडे एक वही तयार होईल. कुठलं घर किती दिवस रिकामं राहिलं, कुठल्या दुरुस्तीला किती लागले, कुठल्या प्रकारचा भाडेकरू टिकला, हे तिच्यात असेल. ही वही बाजारात विकत मिळत नाही.

एक प्रसंग सांगते. सुरुवातीच्या काळात पर्वरीचा एक टू बीएचके माझ्याकडे सांभाळायला होता, मालक दुबईत. जुलैत भाडेकरूचा फोन आला की बेडरूममध्ये वास येतोय. जाऊन दार उघडलं तर ओल्या गोणपाटासारखा वास. दोघांनी मिळून कपाट ओढलं, तर मागची भिंत कमरेएवढ्या उंचीपर्यंत काळ्या-हिरव्या बुरशीने भरलेली. कपाटाच्या तळाशी ठेवलेल्या त्या माणसाच्या सर्टिफिकेटांच्या फाइली एकमेकींना चिकटल्या होत्या. मी गिलाव्याला बोट लावलं तर बोट आत गेलं. पश्चिमेची भिंत होती. गवंड्याने बाहेरून शोधून काढलं की एसीच्या पाइपसाठी पाडलेलं भोक नीट बुजवलेलंच नव्हतं आणि पाइपचा उतार आतल्या बाजूला होता. वाऱ्याबरोबर येणारा पाऊस त्या पाइपवरून सरळ भिंतीत उतरत होता. तेव्हापासून कुठलाही फ्लॅट बघायला गेले की हॉलची टाइल्स वगैरे नंतर. आधी पश्चिम आणि नैऋत्येच्या भिंती, एसीची भोकं, खिडक्यांचे सज्जे, आणि वरचा मजला असेल तर गच्चीवर पत्र्यांचं छप्पर आहे की नाही, हे बघते. वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या प्रदेशात घर जानेवारीत बघून पसंत करू नये. समुद्राजवळ असेल तर त्यात खारा वारा धरा. लोखंडी ग्रील आणि एसीचं बाहेरचं युनिट फार लवकर गंजतं.

आता हिशेब. खालचे आकडे फक्त मांडणी दाखवायला घेतलेत, तुमच्या घराचे तुम्ही भरा. समजा फ्लॅट ४५ लाखांचा आहे आणि भाडं महिना १८,००० येतं. वर्षाचे झाले २,१६,०००. एजंट म्हणून आपण गिऱ्हाइकाला हाच आकडा दाखवतो, आणि चूक इथेच होते. यातून एक महिना रिकामा धरा, १८,००० गेले. मेंटेनन्स महिना २,५०० म्हणजे ३०,०००. घरपट्टी ३,०००. रंग, प्लंबर, गीझर असं सगळं धरून १५,०००. हातात राहिले दीड लाख, म्हणजे किंमतीच्या साधारण ३.३ टक्के. आता ८० टक्के कर्ज घेतलंत, ३६ लाख, साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षं, तर हप्ता बसतो ३१,२०० च्या आसपास. घरातून महिन्याला सुटतात १२,५००. उरलेले पावणे एकोणीस हजार दर महिन्याला तुमच्या खिशातून, आणि ज्या तिमाहीत एकही सौदा झाला नाही त्या तिमाहीतही. शिवाय ९ लाख स्वतःचे आधी, त्यावर मुद्रांक, नोंदणी आणि वकील. तुमच्या आठ लाखांत हे बसतच नाही.

म्हणून पहिलं घर लहान घ्या. तयार, जुनं पण ओसी (राहायला परवानगी असल्याचा दाखला) असलेलं वन बीएचके, पंचवीस-सव्वीस लाखांच्या आतलं. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात किंमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत कर्ज देता येतं, ३० ते ७५ लाखांना ८० टक्के, त्यावर ७५. पण जुन्या इमारतीला बँका हात आखडतात, तेव्हा ८० टक्केच धरून चला. २६ लाखांच्या घराला स्वतःचे ५ लाख २० हजार लागतील, आणि मुद्रांक-नोंदणीचे पैसे कर्जात धरत नाहीत, ते वेगळे. त्यात आठ लाखांपैकी बहुतेक संपतील. आणि सहा महिन्यांचे हप्ते बाजूला ठेवल्याशिवाय सही करू नका, यावर मी ठाम आहे. म्हणजे तुम्हाला अजून वर्षभर साठवायचंय, आणि ते घरं सांभाळण्याच्या वर्षाशी नेमकं जुळतं.

बांधकाम चालू असलेला फ्लॅट भाड्याच्या हेतूने घेऊ नका. ताबा मिळेपर्यंत भाडं शून्य आणि व्याज चालू. तुम्ही तो विकत असाल, बिल्डर तुम्हाला कमिशनऐवजी सवलत देऊ करेल, तरी नको.

कर्जाच्या बाबतीत गोव्यातली एक गोष्ट नव्या एजंटांना कुणी सांगत नाही. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेची परंपरा आपल्याकडे अजून चालू आहे. लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल, तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक, दोघांची निम्मी-निम्मी. त्यामुळे आयकरातही आपल्यासाठी वेगळी तरतूद आहे. १९६१ च्या कायद्यात ती ५अ कलमात आली. पगार सोडून बाकी सगळं उत्पन्न अशा जोडप्यात अर्धं-अर्धं विभागलं जातं. घरभाडं तर आलंच, पण तुमचं कमिशनसुद्धा. भाड्यापुरतं हे तुमच्या फायद्याचं आहे. घरपट्टी वजा करून जे राहतं त्यातून ३० टक्के सरसकट वजावट मिळते आणि उरलेलं दोघांत वाटलं जातं. पण बँकेत गेल्यावर काय होतं बघा. कमिशनवर जगणाऱ्याकडे बँक दोन-तीन वर्षांची रिटर्न मागते. तुमचं एकही पूर्ण वर्ष झालेलं नाही, आणि झालं तरी तुमच्या रिटर्नवर कमिशन निम्मंच दिसणार. एकट्याने अर्ज केलात तर उत्पन्न कमी म्हणून कर्ज कमी बसेल. बायकोला सहअर्जदार करा. तिच्या पगाराच्या स्लिपा बँकेला लगेच कळतात, तुमचं उरलेलं निम्मं तिच्या रिटर्नवर सापडतं, आणि कायद्याने ती अर्ध्या घराची मालकीण होणारच आहे. म्हणून घर बघायलाही तिला बरोबर न्या. फोंड्यातल्या कुठल्या वाड्यावर उन्हाळ्यात पाणी येत नाही हे शिक्षिकेला आपल्यापेक्षा आधी माहीत असतं, मुलं सांगतात.

घर कुठे घ्यावं? जिथे माणसं पावसाळ्यातही कामावर जातात तिथे. बांबोळीचं गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल आहे, तिथल्या नर्स आणि निवासी डॉक्टर सांताक्रूझ, मेर्शी, गोवा वेल्हा या पट्ट्यात खोल्या शोधतात. वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतले लोक नागवे-कुठ्ठाळीकडे बघतात. मोप्याचा विमानतळ २०२३ च्या जानेवारीत सुरू झाल्यापासून पेडण्यात भाड्याने खोली मागणारी मुलं वाढली आहेत, पण तिथे जमिनीचे दर भाड्याच्या कितीतरी पुढे पळाले, त्यामुळे मला स्वतःला तिथे हिशेब जुळत नाही. तुम्ही तर फोंड्याचे. फर्मागुडीचं इंजिनिअरिंग कॉलेज, आयआयटीचा तिथला परिसर, कुंडई, मडकई आणि बेतोड्याच्या औद्योगिक वसाहती तुमच्या दारात आहेत. प्रत्येक गल्ली तुम्हाला पाठ आहे, गवंडी-प्लंबर ओळखीचे, आणि भाडेकरूचा फोन आला की दहा मिनिटांत पोचाल. हे सोडून कळंगुटला का जायचं?

स्टुडिओबद्दल आता. पर्यटकांना खोली देणं हा धंदा आहे, नुसतं भाडं नव्हे. १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली पर्यटन खात्याकडे नोंद करावी लागते. विदेशी पाहुणा उतरला की २४ तासांत त्याची माहिती सरकारकडे ऑनलाइन भरायची. चादरी, साफसफाई, रात्री अकराला हरवलेली चावी, बुकिंगच्या अ‍ॅपचं कमिशन, सोसायटीतल्या रहिवाशांची हरकत, सगळं तुमच्या डोक्यावर. ऑक्टोबर ते मे गर्दी असते आणि दाखवणारा त्याच महिन्यांचा हिशेब दाखवतो. जूनमध्ये खोली बंद असते तेव्हा हप्ता बंद नसतो. किनाऱ्यावर हे उत्तम चालवणारी माणसं मला माहीत आहेत, पण ती तिथेच राहतात आणि दिवसभर तेच करतात. तुम्ही दिवसभर दुसऱ्यांची घरं दाखवत फिरणार. दोन्ही एकाच वेळी जमणार नाही.

कागदपत्रांवर जरा जास्त लिहिते, कारण माझे पैसे इथेच अडकले होते. २००९ साली बार्देशातल्या एका गावात जुनं चिऱ्याचं घर मला आवडलं. तीन भाऊ मालक. तिघांच्या सह्यांच्या कागदावर मी तीन लाख टोकन दिलं. वकिलाकडे कागद नेल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला: इन्व्हेंटरी झालीय का? बापाच्या पश्चात वाटणीची ती कारवाई झालेलीच नव्हती. दुसरा प्रश्न: भावांच्या बायकांच्या सह्या कुठे आहेत? मधल्या भावाची बायको लिस्बनला होती आणि नवऱ्याशी बोलत नव्हती. तिच्या संमतीशिवाय तिच्या नवऱ्याचा हिस्सासुद्धा विकता येत नव्हता. दोन वर्षं गेली, थोरला भाऊ त्यात वारला, मग त्याची बायको आणि मुलंही वारस म्हणून आली. शेवटी सौदा मोडला. पैसे परत मिळाले, पण बिनव्याजी आणि चार हप्त्यांत. एजंट होते, सहा वर्षांचा अनुभव होता, तरीही घर आवडल्यावर मी गिऱ्हाइकासारखीच वागले.

म्हणून विकणारा विवाहित असेल तर नवरा-बायको दोघांची सही, वारसाहक्काची मालमत्ता असेल तर इन्व्हेंटरी किंवा वारसांचा रीतसर दस्त, याशिवाय टोकन नाही. एक-चौदाचा उतारा (आपल्याकडचा सातबारा) काढा आणि तो फक्त मालकाच्या नावापुरता वाचू नका. कूळ आणि इतर हक्कांचे रकाने बघा. तिथे नाव असेल, किंवा आवारात मुंडकाराचं, म्हणजे मालकाच्या जमिनीवर पूर्वापार राहणाऱ्याचं, घर असेल, तर १९६४ चा कूळ कायदा आणि १९७५ चा मुंडकार कायदा आड येतो, आणि पहिल्या घरासाठी ते ओझं घेऊ नये. शहरात असाल तर त्याऐवजी फॉर्म डी हा उतारा. प्लॉटची सनद आहे का, म्हणजे जमीन बिगरशेती झालीय का? इमारतीला पंचायतीचा किंवा पालिकेचा ओसी आहे का? नदी-खाडीच्या काठी असेल तर सीआरझेडचा, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावरच्या निर्बंधांचा, प्रश्न येतोच. कोमुनिदादच्या, म्हणजे गावाच्या सामाईक संस्थेच्या, जमिनीवर कागदांशिवाय बांधलेलं घर निम्म्या किंमतीत मिळतं म्हणून कुणी दाखवलं, तर चहा पिऊन परत या. उपनिबंधकाकडे बोजा तपासा, वीज खात्याची थकबाकी आणि घरपट्टीची पावती बघा. ५० लाख किंवा त्यावरच्या खरेदीत १ टक्का टीडीएस खरेदीदाराने कापायचा असतो हे तुम्हाला माहीत असेल. विकणारा अनिवासी असेल तर ती ५० लाखांची मर्यादा लागू होत नाही आणि दरही खूप जास्त असतो. आपल्याकडे बरेच विकणारे परदेशात असल्याने हे नीट शिकून घ्या. भाड्यालाही तसंच. मालक अनिवासी असेल तर भाडेकरूने भाड्यातून ३० टक्क्यांहून जास्त कर कापून भरायचा असतो. दुसऱ्यांची घरं सांभाळताना पहिल्याच महिन्यात हा प्रश्न येईल.

एजंटने स्वतः घर घेताना एक गोष्ट पाळलीच पाहिजे. घर विकायला मालक तुमच्याकडे येतो तेव्हा तो तुमच्याकडून खरा भाव विचारत असतो. तेच घर तुम्हाला हवं असेल तर त्याला लेखी सांगा की खरेदीदार मीच आहे, त्याच्याकडून दलाली घेऊ नका, आणि दुसऱ्या एजंटकडून भाव विचारून यायला त्याला चार दिवस द्या. घर हातचं जाईल, जाऊ द्या. फोंड्यासारख्या गावात एकदा ‘हा स्वतःसाठी भाव पाडतो’ असं झालं की चतुर्थीला घरोघरी तेच बोललं जातं. तसंच रेराची नोंदणी नूतनीकरणासह चालू ठेवा. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवरचा किंवा आठपेक्षा जास्त फ्लॅटचा प्रकल्प रेराकडे नोंदलेला नसेल तर त्याला हात लावू नका, गिऱ्हाइकासाठीही नाही आणि स्वतःसाठीही नाही. नोंदणीशिवाय काम करणाऱ्या एजंटला दिवसाला १०,००० रुपये दंड आहे, तो मालमत्तेच्या किंमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो.

भाडेकरूबद्दल थोडंच. महाराष्ट्रातले मित्र सांगतील की प्रत्येक लिव्ह अँड लायसन्स नोंदवावाच लागतो. तो त्यांच्या कायद्याचा नियम. आपल्याकडे भाडं आणि निष्कासनाचा १९६८ चा वेगळा कायदा आहे आणि अकरा महिन्यांच्या कराराची रूढी आहे. वर्षाच्या वरचा भाडेपट्टा असेल तर मात्र नोंदणी हवीच. पोलीस पडताळणीचा फॉर्म चावी देण्याआधी ठाण्यात द्या, नंतर नाही. डिपॉझिट दोन-तीन महिन्यांचं. चावी देताना मीटरचा फोटो, प्रत्येक भिंतीचा फोटो आणि पंखे-गीझरची यादी, दोघांच्या सह्यांसह. नोकरीच्या जागेवर एकदा फोन करा. मी जात-धर्म-गाव विचारून भाडेकरू कधी ठरवला नाही आणि त्यामुळे नुकसानही कधी झालं नाही. ज्याचा पगार बँकेत येतो आणि जो आधीच्या मालकाचा नंबर न अडखळता देतो, तो बहुतेक वेळा चांगला निघतो.

पावसाळ्याआधी दोन मालक मिळवायचे असतील तर मार्च-एप्रिलमध्ये सुरुवात करा, कारण मे महिन्यात सुट्टीला आलेले लोक जाताना चावी कुणाकडे तरी द्यायला बघत असतात. तुमच्या फोंड्याच्या ओळखीतच ते सापडतील. पुढच्या दिवाळीनंतर एखादं वन बीएचके नजरेत भरलं, तर टोकन देण्याआधी एक-चौदा, ओसी आणि तुमची वर्षाची वही घेऊन दोघंही या. मी बसून बघेन.